घोणशीच्या विषातलं वाढीचं प्रथिन

दसरा उलटला की कोकणात भात कापणीला येतं. उडवी रचली जातात, उडव्यांखाली उंदीर जमतात आणि उंदरांमागोमाग घोणस येते. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार ऐकला की कापणीला वाकलेला माणूस विळा तिथेच टाकून चार पावलं मागे सरतो. चावलीच, तर दवाखान्यात पहिली चाचणी साधी असते: काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून बघायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष भिनलं आहे. घोणशीच्या विषातली प्रथिनं रक्त गोठवणारी यंत्रणा एकदम पेटवतात, गोठवण्याचा सगळा माल काही वेळात खर्च होतो आणि मग रक्त गोठतच नाही. नळी प्लास्टिकची घेतली किंवा साबणाने धुतलेली असली तर चाचणी फसवते, कारण गोठणं सुरू व्हायला काचेचाच स्वच्छ पृष्ठभाग लागतो.

या मारेकरी प्रथिनांच्या गर्दीत अगदी थोड्या प्रमाणात एक प्रथिन असतं, जे कोणाला मारत नाही. उलट मज्जातंतू वाढवतं. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ. नागाच्या विषात तेच, घोणशीच्या विषात तेच. आणि आपल्या त्वचेतही त्याचंच भावंड, बारा महिने तेरा काळ.

ते सापाच्या विषात आहे हे कळलं ते चुकून म्हणावं अशा रीतीने. १९५०च्या दशकात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रिटा लेव्ही-मोंटालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन उंदराच्या कर्करोगाच्या एका गाठीचा अर्क तपासत होते. कोंबडीच्या गर्भातली चेतापेशींची गाठ बशीत ठेवून तो अर्क घातला, की चारी बाजूंनी तंतू फुटून तिच्याभोवती खळं पडायचं, चंद्राभोवती पडतं तसं. काम करणारा पदार्थ प्रथिन आहे की न्यूक्लिइक आम्ल, हे ठरवायला त्यांनी अर्कात सापाचं विष घातलं. त्या विषात न्यूक्लिइक आम्ल तोडणारं विकर असतं. खळं नाहीसं झालं तर न्यूक्लिइक आम्ल, टिकलं तर प्रथिन, असा सरळ हिशेब. खळं आणखी दाट झालं. नुसतं विष घातलेल्या बशीतही झालं. विषात तोच पदार्थ गाठीच्या अर्काच्या हजारपटींहून जास्त ताकदीने होता. मग कोहेननी पुढचा विचार केला: सापाची विषग्रंथी म्हणजे लाळग्रंथीचंच बदललेलं रूप, तर उंदराच्या लाळग्रंथीत बघू. नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत ते भरभरून सापडलं. पुढची कितीतरी वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी एनजीएफ तिथूनच काढलं. १९८६चं नोबेल या दोघांना मिळालं.

शोधाची ही गोष्ट बहुतेकांना कुठे ना कुठे भेटलेली असते. त्यापुढचा प्रश्न मात्र फार कमी ठिकाणी नीट सांगितलेला असतो: हे प्रथिन नेमक्या कुठल्या पेशीला, कसं लागू पडतं?

एनजीएफ एकटं नाही, चार भावंडं आहेत. दुसरं बीडीएनएफ. डुकरांच्या दीड किलो मेंदूतून जेमतेम एक मायक्रोग्रॅम शुद्ध करून १९८२ साली ते हाती आलं. मग एनटी-३ आणि एनटी-४. चौघांचाही साचा एकच. सव्वाशेच्या आतबाहेर अमिनो आम्लांची साखळी, अशा दोन साखळ्या एकमेकींना पाठीला पाठ लावून उभ्या, सगळं मिळून सहा नॅनोमीटर लांब. प्रत्येक साखळीच्या एका टोकाला गंधकाच्या तीन बंधांची गाठ: दोन बंध मिळून कडी होते आणि तिसरा त्या कडीतून आरपार जातो. जाळं विणणाऱ्या माणसाला ही गाठ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. एकदा बसली की ती सहसा सुटत नाही, म्हणून ही प्रथिनं तशी चिवट.

पेशीच्या बाजूला तीन रिसेप्टर आहेत, म्हणजे पेशीवरची अशी प्रथिनं ज्यांना ही भावंडं येऊन लागतात: ट्रॅक-ए, ट्रॅक-बी, ट्रॅक-सी. (इंग्रजी लघुरूप मराठीत वाचताना हमखास ‘ट्रक’ होतं. रस्त्यावरच्या ट्रकशी त्याचा संबंध नाही.) जोड्या ठरलेल्या आहेत. एनजीएफ ट्रॅक-एला, बीडीएनएफ आणि एनटी-४ ट्रॅक-बीला, एनटी-३ ट्रॅक-सीला. एनटी-३ तेवढं जरा फिरतं आहे, ते ए आणि बी या दोघांनाही लागतं, पण हलकंच. शिवाय पी-७५ नावाचा चौथा रिसेप्टर आहे, ज्याला चौघंही सारखीच चालतात.

इथे पाठ्यपुस्तक कुलूप-किल्लीचं चित्र काढून मोकळं होतं. ते चित्र या बाबतीत दिशाभूल करतं. चार किल्ल्या चार आकारांच्या असत्या, तर गोष्ट सोपी होती. पण चौघांचा मधला भाग, जो रिसेप्टरला सगळ्यात जास्त टेकतो, तो जवळपास एकसारखाच आहे. फरक आहे तो कडेला, आणि मुख्य म्हणजे शेपटीत.

पोफळीच्या बागेत मिरवेल लावताना जे दिसतं ते इथे जास्त जवळचं आहे. रोप लावल्यावर वेलाचं टोक लोंबत असतं, वाऱ्यावर कुठेही झुलतं, त्याला स्वतःचा आकार नसतो. पोफळीची साल मिळाली की पेरांतून मुळं फुटतात, टोक खोडाला चिकटतं आणि तिथून पुढे त्याला दिशा येते. एनजीएफची शेपटी, म्हणजे त्याच्या साखळीचं सुरुवातीचं टोक, असंच लोंबतं. १९९१ साली एनजीएफची एकट्याची स्फटिकरचना निघाली, तेव्हा हे टोक चित्रात उमटलंच नाही, कारण ते एका जागी स्थिर नव्हतं. १९९९ साली ट्रॅक-एच्या पाचव्या खंडाला धरून बसलेल्या एनजीएफची रचना निघाली आणि तिथे तेच टोक छोट्याशा मळसूत्री वळणात ठाम बसलेलं दिसलं. दुसऱ्यापासून तेराव्या अमिनो आम्लापर्यंतचा हा भाग. त्यातलं सहावं, आयसोल्यूसिन, ट्रॅक-एच्या पृष्ठभागावरच्या एका तेलकट खाचेत रुतून बसतं. ट्रॅक-बी आणि ट्रॅक-सीच्या अंगावर त्या जागी तशी खाच नाही. टोक तिथेही पोचतं, पण पकड बसत नाही.

म्हणजे स्पर्शाच्या दोन जागा झाल्या. एक सगळ्या भावंडांची सामाईक: मधले पट्टे, आणि त्यांतलं १०३ क्रमांकाचं आर्जिनिन तर इतकं महत्त्वाचं की ते बदललं की बंधच ढिला पडतो. ही जागा ताकद देते. दुसरी शेपटीची, ती ओळख पटवते. कोण कुठली जागा किती वापरतं हे मात्र भावंडागणिक बदलतं. एनटी-३ शेपटीवर फारसं विसंबून नसतं, त्याचा भार मधल्या पट्ट्यांवर. ते तीन घरी फिरू शकतं याच्याशी याचा संबंध असावा असं वाटतं. १९९४ साली एनटी-३च्या सांगाड्यात मोजकीच अमिनो आम्लं बदलून, एनजीएफची शेपटी जोडून, तिन्ही ट्रॅकना चालणारं एक प्रथिन मुद्दाम बनवण्यातही आलं. निवड इतक्या थोड्या अक्षरांत लिहिलेली आहे.

आता यातली व्यवहारातली मेख. उंदराच्या लाळग्रंथीतून एनजीएफ काढताना ग्रंथीतलीच प्रथिनं तोडणारी विकरं सोबत येतात. ती आठव्या अमिनो आम्लानंतर शेपटी कापतात. बाजारात ‘२.५ एस’ नावाने जे एनजीएफ मिळतं, त्यात अशा शेपटी कापलेल्या साखळ्या मिसळलेल्या असू शकतात. वजन बरोबर, जेलवर पट्टा जवळपास त्याच जागी, पी-७५ला बसतं तेही ठीक, आणि ट्रॅक-एला मात्र लागत नाही किंवा अगदी क्षीण लागतं. प्रयोग करणारा पेशींना दोष देतो, माध्यमाला दोष देतो, आणि चूक असते आठ अमिनो आम्लांची. म्हणून रिसेप्टर निवडीचा प्रयोग असेल तर जनुकावरून बनवलेलं, शेपटी शाबूत असल्याची खात्री दिलेलं मानवी एनजीएफ वापरावं. महाग पडतं, पण दोनदा प्रयोग करण्यापेक्षा स्वस्त.

निवड डोळ्यांनी बघायची असेल तर अजूनही अंड्यातल्या गर्भाइतकं चांगलं साधन नाही. खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसते, आपल्याला आठवा दिवस हवा. यंत्रात साडेसदतीस अंश आणि साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. (कोकणात पावसाळ्यात आर्द्रतेची चिंता उलट्या बाजूने करावी लागते. ती जास्त होते आणि अंड्यावर बुरशी धरते, म्हणून अंडी पुसून, कोरडी करूनच आत.) भिंगाखाली गर्भाच्या कण्यालगतच्या गाठी चिमट्याने सोडवायच्या, कोलॅजन लावलेल्या बशीत ठेवायच्या आणि मिलीलीटरला दहाएक नॅनोग्रॅम एनजीएफ. दुसऱ्या दिवशी खळं दिसतं. दिसलं नाही तर बहुतेक वेळा तीन कारणं असतात. कोलॅजन नीट वाळलं नव्हतं आणि गाठ तरंगली. एनजीएफ प्लास्टिकच्या नळीला चिकटून संपलं, कारण इतक्या पातळ द्रावणात सोबतीला ०.१ टक्के अल्ब्युमिन घालायला हवं होतं. किंवा नळी चारदा गोठवून वितळवली. वीज जाते-येते अशा गावात हे तिसरं कारण पहिलं होतं. म्हणून सुरुवातीलाच एकेका प्रयोगापुरते छोटे वाटे करून ठेवावेत. चौथी चूक उत्साहाची: जास्त एनजीएफ म्हणजे जास्त खळं, असं नाही. मात्रा शेकडो नॅनोग्रॅमवर नेली तर खळं आखडतं.

आणि इथे एक सापळा आहे. कण्यालगतच्या त्याच गाठीवर एनटी-३ घातलं तरी तंतू फुटतात. मग निवड कुठे राहिली? निवड आहेच, पण गाठीत एकाच जातीच्या पेशी नसतात. वेदना आणि उष्णता कळवणाऱ्या लहान पेशी ट्रॅक-ए बाळगतात, स्नायूंची स्थिती कळवणाऱ्या मोठ्या पेशी ट्रॅक-सी. दोन वेगळ्या टोळ्यांनी आपापल्या हाकेला ओ दिली, आणि आपल्याला दिसलं एकच खळं. फरक स्वच्छ बघायचा तर गाठी बदलाव्या लागतात. कण्यापुढची सिंपथेटिक साखळीतली गाठ एनजीएफला दाद देते, बीडीएनएफला नाही. मानेतली व्हेगस चेतेची नोडोज गाठ नेमकी उलट. चार बशा, दोन गाठी, दोन प्रथिनं, एवढ्यात अख्खा विषय समोर येतो.

अंडी नको असतील तर पीसी-१२ पेशी. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या ट्यूमरपासून १९७६ साली मिळालेल्या. त्यांच्यावर ट्रॅक-ए आहे, पी-७५ आहे, ट्रॅक-बी जवळपास नाही. मिलीलीटरला पन्नास ते शंभर नॅनोग्रॅम एनजीएफ, सीरम एक टक्क्यावर आणलेलं, आणि आठवडाभरात गोल पेशी लांब तंतू काढतात. बीडीएनएफ घातलं तर पेशी ढिम्म. या पेशी गुच्छ करून बसतात, म्हणून पसरताना बारीक सुईतून दोन-तीनदा काढाव्या लागतात. तंतू ट्रॅकमुळेच आले हे दाखवायला ट्रॅकला अडवणारं के-२५२ए दोनशे नॅनोमोलर घातलं की ते थांबतात.

आत काय घडतं हे थोडक्यात. एनजीएफचं जोडप्रथिन दोन ट्रॅक-ए रिसेप्टरना एकत्र धरतं. २००७ साली रिसेप्टरच्या पेशीबाहेरच्या संपूर्ण भागाची रचना निघाली, तेव्हा संशोधकांनी तिला खेकड्याच्या आकाराची म्हटलं, आणि चित्र बघितलं की पटतं: दोन नांग्या आणि मधोमध धरलेलं एनजीएफ. पण गंमत अशी की नांग्यांचे पुढचे भाग एनजीएफला शिवतही नाहीत. धरतो तो फक्त पेशीच्या पडद्याजवळचा पाचवा खंड. दोन रिसेप्टर जवळ आले की त्यांचे पेशीच्या आतले भाग एकमेकांच्या टायरोसिनांवर फॉस्फेट चढवतात. ४९० क्रमांकाच्या टायरोसिनवरून जगण्याचे आणि वाढीचे संदेश निघतात, ७८५वरून कॅल्शियमचा मार्ग. प्रयोगात हे बघायचं तर उत्तेजन पाच ते दहा मिनिटंच द्यावं आणि पेशी फोडताना व्हॅनेडेट विसरू नये, नाहीतर फॉस्फेट हातातल्या हातात उतरून जातं.

शेपटी आणि खाच एवढ्याने निवड पुरी होत नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो. तोच ट्रॅक-ए शेजार बदलला की वेगळा वागतो. बाजूला पी-७५ असेल तर एनजीएफची पकड वाढते आणि एनटी-३चा लगट कमी होतो. ट्रॅक-एच्या जनुकात अठरा अक्षरांचा एक तुकडा आहे. पेशीने तो ठेवला तर रिसेप्टरमध्ये सहा अमिनो आम्लं जास्त येतात आणि एनटी-३ला त्याच्यात जास्त जागा मिळते. म्हणजे कोणाचं ऐकायचं हे ठरवण्यात पेशीचाही हात असतो.

आणि ऐकल्यावरही पुढचा फरक उरतोच. वाढत्या चेतापेशीचा तंतू वाटेत रक्तवाहिन्यांलगत जातो, तिथे त्याला एनटी-३ मिळतं. ते ट्रॅक-एला लागतं, तंतू पुढे वाढतो. शेवटच्या मुक्कामी, ज्या अवयवाला तंतू पोचायचा तिथे, एनजीएफ मिळतं. दोन्हीकडे रिसेप्टर तोच. पण एनजीएफला धरलेला ट्रॅक-ए छोट्या पिशवीत बसून तंतूच्या टोकापासून पार पेशीच्या केंद्रापर्यंत परत जातो आणि ‘पोचलो, मारू नका’ असा निरोप देतो. एनटी-३ला धरलेला जात नाही. पिशवीच्या आत आम्लता वाढते, त्या आम्लात एनटी-३ सुटून पडतं, एनजीएफ सुटत नाही. वाटेवरचं एनटी-३ तंतूला चालतं ठेवतं, जगण्याचा परवाना मात्र मुक्कामावरूनच येतो. ज्यांना तो मिळत नाही त्या चेतापेशी गर्भातच मरतात, आणि अशा पेशी थोड्या नसतात.

मोठ्या माणसात एनजीएफचं काम बदलतं. तिथे ते वेदनेचा आवाज वाढवतं. वैशाखात दिवसभर होडीवर उघड्या अंगाने काम केलं की संध्याकाळी खांद्यावर कोमट पाणीही पोळतं. उन्हाने भाजलेल्या त्वचेतल्या पेशी जास्त एनजीएफ सोडतात, ते वेदनातंतूंवरच्या ट्रॅक-एला लागतं आणि एरवी त्रेचाळीस अंशांना जागा होणारा उष्णतेचा रिसेप्टर, मिरचीला जागा होतो तोच, त्याखालीच बोंब मारू लागतो. विंचवाची कळ वेगळी, ती सोडियमच्या वाटांमधून येते. लाल विंचवाच्या दंशावर महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरलं ते त्यातल्या हृदयावरच्या परिणामासाठी. सगळी वेदना एकाच दारातून येत नाही.

ट्रॅक-ए जन्मतः निकामी असेल तर माणसाला वेदना कळत नाही आणि घामही येत नाही. १९९६ साली हे जनुक त्या आजाराशी जोडलं गेलं. कोकणातल्या मे महिन्यात घामाशिवाय राहणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. उत्तर स्वीडनमधल्या एका कुटुंबात मात्र बदल रिसेप्टरमध्ये नव्हता, एनजीएफच्या शंभराव्या अमिनो आम्लात होता. ते प्रथिन ट्रॅक-एला धरतं, पी-७५ला धरत नाही. त्या माणसांची वेदना बोथट झाली, बुद्धी शाबूत राहिली. हे एक अमिनो आम्ल औषध शोधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कायम असतं. गुडघेदुखीवर एनजीएफला बांधून टाकणारी प्रतिपिंडं बनवली गेली. वेदना कमी झाली, पण काही जणांचे सांधे झपाट्याने झिजले आणि २०२१ साली अमेरिकेतल्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने नकार दिला. एनजीएफला सरसकट अडवलं की सगळेच दरवाजे बंद होतात, हा त्यातला दोष.

बीडीएनएफबद्दल एक वाक्य, कारण फोनवर रोज काहीतरी येत असतं. अमुक खा, तमुक खा, बीडीएनएफ वाढेल. रक्तात मोजलं जातं ते बीडीएनएफ बहुतांशी प्लेटलेटमध्ये साठलेलं असतं. नमुना कसा घेतला आणि किती वेळ ठेवला यावरच तो आकडा हलतो.

उपयोगात आलेलं एनजीएफ डोळ्यात घालायचं आहे. बुबुळावरच्या चेता मेल्या की जखम भरत नाही. तिथे मिलीलीटरला वीस मायक्रोग्रॅमचे थेंब, दिवसातून सहा वेळा, दर दोन तासांनी, आठ आठवडे. उघडलेली कुपी पंचवीस अंशांखाली ठेवून बारा तासांत संपवायची. मे महिन्यात देवगड-मालवणच्या घरात पंचवीस अंश म्हणजे फ्रीजच.

आणि सापाचं काय? नागाच्या एनजीएफची शेपटी आपल्याहून एका अमिनो आम्लाने तोकडी आहे आणि बरीच वेगळी लिहिलेली. पण हिस्टिडिन, त्याला लागून प्रोलिन, ही जोडी जशीच्या तशी आहे, आणि आपल्या आयसोल्यूसिनच्या जागी व्हॅलिन आहे. तेही तेलकटच, आकाराने किंचित लहान. खाचेत ते बसतं. उंदराच्या मास्ट पेशींवरही ट्रॅक-ए असतो, तो जागा झाला की त्या हिस्टामीन सोडतात, रक्तवाहिन्या सैल होतात. उडव्याखालच्या उंदराच्या अंगात घोणशीचे दात रुततात तेव्हा त्या विषात हेही असतं.